घाटाखालचं थंड घर

८ जाने.
पाया भरून झाला. टिनाच्या पुढच्या दोन खोल्या पाडल्या. आता आम्ही दोघं मागच्या स्वयंपाकघरात. थंड घराच्या सरकारी योजनेत आपलं नाव बसलं, फक्त मंजुरीपत्रावर सही राहिली. पोकळ भिंती, वर पांढरी गच्ची. वर्षाचा बुलढाण्याहून फोन. "आई, माही खोली कोणती?" व्हिडिओवर दाखवली. पाचवा महिना चालू आहे तिला. पहिलं बाळंतपण माहेरीच. मे महिन्यात.

२१ जाने.
अंगणवाडी लवकर बंद करून तालुक्याच्या ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, "योजना बंद झाली, बाई. पत्र ज्याच्या हातात आहे त्यालेच अनुदान. नव्या घरांना नाही."
"आमचं सहीसाठी आलं होतं ना?"
"आलं होतं."
नकाशा काढून देणाऱ्या इंजिनिअर मॅडमना फोन लावला. त्यांचंही काम सुटलं. सॉरी म्हणाल्या.

२२ जाने.
ह्यांना पंपदुरुस्तीच्या दुकानात जाऊन सांगितलं. मोटारीची तार गुंडाळत होते, हात थांबला नाही. तार संपल्यावर म्हणाले, "वर्षाले सांगतलं काय?"
नाही सांगितलं.

५ फेब्रु.
हे म्हणतात पुन्हा टिनं टाकू, एक कूलर घेऊ. दुपारी लाइट असते कुठं? उन्हाळ्यात टिनाखाली पाण्याचा माठसुद्धा कोमट होतो.
रशीदभाई गवंडी आले होते. "भाभी, दोन खोल्या साध्या बांधण्यापरीस एकच बांधा, पण पोकळ भिंतीची. इटा आडव्या नाही, उभ्या लावतो. मंधात हवा राह्यते. मले येते ते काम."
हे म्हणाले, "बांधा एक."

१ मार्च
बुलढाण्याला वर्षाचं डोहाळजेवण. घाट चढला की हवाच बदलते. हिरव्या साडीत पोर ओळखू येईना. विहीणबाई जीव लावतात तिला, खोटं कशाला लिहू. पण जेवताना म्हणाल्या, "ताई, राग नका धरू. मे महिन्यात घाटाखाली, टिनात, ओली बाळंतीण… कसं करता?" खरंच आहे. मी पुरणपोळीच वाढत राहिले.
वर्षा स्टँडवर सोडायला आली. माझा हात सोडेना. "आई, मले तिकडंच यायचं हाय." बस लागली.

१९ मार्च
भिंती खिडकीच्या वर गेल्या. अंगणवाडीतून आले की आधी तिथं उभी राहते. आज बाहेर उन्हानं डोळे उघडवत नव्हते. भिंतीला आतून तळहात लावला. गार नाही म्हणता येणार, पण भाजत नाही. रशीदभाईंना सांगितलं तर हसले, "छत तर होऊ द्या, भाभी."

३ एप्रिल
काल स्लॅब ओतला. आता रोज पाणी मारायचं, आणि नळ आठवड्यातून एकदा. सकाळी पोरांना सोडायला आलेल्या बायांनी आपसात काय ठरवलं कोण जाणे, एकेक हंडा आणून ठेवला. मी नको म्हटलं. सुनंदा म्हणाली, "काऊन नको? माह्या लेकराले तुम्हीच वजनात आणलं ना."
आज परत आल्या.

२४ एप्रिल
स्लॅबखालचे टेकू काढले. गच्चीवर फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून राह्यले रशीदभाई. दार नाही अजून, चादर लावली.
दुपारी दोन वाजता विहीणबाईंना खोलीतून व्हिडिओ लावला. त्यांनी मोबाइल सगळीकडं फिरवायला लावून पाहिलं, छतही. "चांगली झाली हो." मग, "डॉक्टर काय म्हणतात ते पाहू." हो म्हणाल्या नाहीत, नाही पण म्हणाल्या नाहीत.

२७ एप्रिल
वर्षाचा मेसेज. 'बॅग भरून ठेवली. जायचं का राह्यचं ते ठरलं नाही.'
मी तीनदा लिहून पुसलं. शेवटी 'बरं' एवढंच पाठवलं.
नवी खोली झाडून घेतली, सतरंजी टाकली. दुपारी ह्यांनी पहिल्यांदा तिथं अंग टाकलं आणि लगेच घोरायला लागले. मी पण पडले. वर्षाला लहानपणापासून भिंतीला चिकटून झोपायची सवय. तेवढी जागा सोडून.