आजीच्या बाईचा पगार

ओफाकिम, इस्राएल, १८ ऑगस्ट १९६३

प्रिय बाबांना मिल्काचा शालोम आणि नमस्कार.

आजीच्या पायाचं प्लास्टर निघालं. जेवते पोटभर, तुम्ही काळजी करू नका. न्हाणीत पडल्याचा इस्पितळाचा सगळा खर्च कामगारांच्या आजारफंडाने दिला. पण घरी दिवसभर तिच्याजवळ माणूस लागतं. मी मोरोक्कोची सुलिका नावाची बाई ठेवली आहे. बालवाडीतला माझा निम्मा पगार तिला जातो.

हे कळताच आजीने सुलिकाला परस्पर घरी पाठवलं आणि भिंत धरून एकटीच न्हाणीकडे निघाली. मी वेळेवर पोचले म्हणून बरं.

मग मी तिला सांगितलं, सुलिकाचा पगारही आता फंडच देणार. आजी म्हणाली, "मग बसून का राहते ती? तांदूळ निवडायला दे."

आईचा गुडघा कसा आहे? मोरीतलं शेवाळ तुम्ही स्वतः घासू नका.

बाबा, खोटं बोलू नये हे मला आजीनेच शिकवलं. दारफाळणीच्या सणाला, ज्याला इथे सगळे योम किप्पुर म्हणतात, उपास धरीन, तेव्हा देवाकडे या खोट्याची माफी मागू का, ते कळवा. मात्र उत्तर बालवाडीच्या पत्त्यावर पाठवा. घरी आलेली तुमची पत्रं आजी आधी वाचते.

तुम्हा दोघांची आठवण काढणारी,
मिल्का