बाभळीच्या वळणावरची रेघ

बेलापूर,
रविवार, उपासनेनंतर

प्रिय अब्राहाम,

सलाम. लग्नानंतर तुला अहो-जाहो करायचं, हा तुझ्या मामीचा, रेबेकाचा नियम. कालपर्यंत गॅरेजात हाताखाली पाने-पकडी उचलून देत होता म्हणून काय झालं, आता जावई आहे, असं ती म्हणायची. मी तो नियम पाळलाही. पण आज ‘अब्राहामराव’ लिहायला घेतलं आणि पेन पुढे सरकेना, म्हणून जुन्यासारखं तू. फोन तू उचलत नाहीस. एकदा तुझ्या भावाने उचलला. म्हणाला, “पर्यटकांच्या तंबूची कामं चालू हायेत, मामा, सांगतो त्याला.” तो सांगत असणार, याबद्दल मला शंका नाही. तुमच्या भंडारदऱ्याला रेंज नसते, असं मी रेबेकाला सांगतो. तिला ते पटत नाही. मलाही पटत नाही. म्हणून हे पत्र. दोन दिवस कोनाड्यात ठेवलंस तरी चालेल, पण फाडू नकोस.

आधी इकडचं सांगतो. कारखान्याचा हंगाम जोरात आहे, स्प्रिंगचे पाटे तुटलेल्या ट्रॉल्या उसासकट सकाळपासून दारात उभ्या असतात. तुझ्या जागी कुणी ठेवलेलं नाही. एकजण येऊन गेला, त्याने पहिल्याच दिवशी रिंग पाने आणि फिक्स पाने एकाच खणात टाकले. मी त्याला चहा पाजला आणि घरी पाठवलं. नाताळचा तारा यंदा लावला नाही. शिडीवर तू चढायचास आणि खालून “वाकडा हाय, अजून वाकडा हाय” म्हणून ओरडणारी एंजेला. मला एकट्याला तो सरळ लावता आला असता, पण सरळ लागला हे सांगणार कोण? रेबेका बरी आहे, म्हणजे स्वयंपाक करते, उपासनेला येते. गाणं म्हणायची वेळ आली की पुस्तक उघडं धरून उभी राहते.

मला शाळेने नववीतच सोडलं आणि वेल्डिंग कुणी शिकवलं नाही, कारखान्याच्या वर्कशॉपच्या कुंपणाबाहेर उभं राहून मी ते डोळ्यांनी उचललं, हे तू इतक्यांदा ऐकलंस की माझ्या आधी तूच वाक्य पूर्ण करायचास. तरी त्या अमेरिकेतल्या शर्यती तू मोबाईलवर दाखवल्यास तेव्हा मी गप्प बसून बघितल्या. दिसायला रस्त्यावरच्यासारख्या गाड्या, आत पाइपाचा पिंजरा, आणि मैदानाच्या आतल्या कडेला दुहेरी पिवळी रेघ. तिच्याखाली उतरून कुणी नंबर काढला तर त्याला शिक्षा. आणि गडी आपण होऊन उतरला की शेजारच्याने ढकलला, यावर तिथले जाणतेही भांडतच असतात. आपण तिघं त्यावर इतके भांडायचो की गिऱ्हाईक गाडी तशीच सोडून चहाला निघून जायचं.

आपल्या रानातली रेघ मात्र माझी. गोरक्षनाथ अण्णांचा ऊस तुटला की मोकळ्या रानात जुन्या मारुत्या आणि झेन पळवायला सुरुवात झाली, तेव्हा कसली रेघ आणि कसलं काय. बाभळीच्या वळणावर जो तो आतून गाडी घालायचा. एका वर्षी एक गाडी अशीच आत घुसली आणि सावलीला जेवायला बसलेल्या बायकांच्या ताटांपर्यंत गेली. त्या दिवशी मी अण्णांना म्हणालो, पांढरी फक्की आणा. रेघ मारली, आणि दोन चाकं पलीकडे गेली की गाडी बाद, असं ठरवलं. त्यानंतर त्या बाभळीखाली बसणाऱ्या कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. हे मी आजही ताठ मानेने सांगतो.

तुला ते कधी पटलं नाही. एकदा जेवणं झाल्यावर आपण पोळपाटावर ज्वारीच्या पिठाची रेघ मारली आणि काडेपेट्यांच्या गाड्या केल्या, आठवतं? तू म्हणालास, “मामा, भ्यालेला मानूसबी रेघंभाईर जातो. समोर गाडी आडवी आली तर त्यानं जायचं कुठं? त्याला भाईर थांबू द्या. वळनावर एक मानूस ठेवा, त्यो मागचं बघून हात दाखवील, मग या म्हनावं आत. निस्तं बाद-बाद केलं तर गडी मागं न बघता घुसतो.” मी म्हणालो, मग जो तो भ्याल्याचं सोंग करील. आणि एंजेलाने तुझी काडेपेटी उचलून चुलीजवळ नेऊन ठेवली. “रेघ म्हंजी रेघ. तुझा मानूस हात दाखवस्तोवर माझा नंबर गेला! तूच उभा ऱ्हा तिथं, लग्नात पाव्हन्यांना या-या करतात तसा.” रेबेका आतून म्हणाली, “पिठाच्या रेघा मारून झाल्या असतील तर उद्याच्या भाकरी फक्कीच्या थापते.” तू हरलास असं त्या दिवशी ठरलं. माझी लेक माझ्या बाजूने बोलली याचा मला फार आनंद झाला होता.

म्हणून गेल्या शर्यतीच्या दिवशी वळणावर तू होतास, पण हात दाखवायला नव्हे. तुझ्या हातात गाडी बाद करायचं लाल निशाण होतं, रेबेकाच्या जुन्या परकराचं. पुढे असलेल्या आपल्या कल्याणची गाडी फिरून आडवी झाली, एंजेलाने तिची मारुती डावीकडे रेघेबाहेर काढली, आणि परत उजवीकडे आत घेताना मागून कोपरगावच्या गड्याची झेन येऊन आदळली. ड्रायव्हरच्या बाजूनेच. कल्याण आज जिवंत आहे तो ती बाहेर गेली म्हणून, हे तोही जाणतो. तिच्या गाडीत मी वेल्ड केलेल्या पिंजऱ्याचा एकही जोड उकलला नाही. मी प्रत्येक जोडावरून बोट फिरवून बघितलं. उकललेला नाही. याचं मी काय करू, अब्राहाम? कुणाला दाखवू?

तिच्या मातीच्या वेळी तू माझ्याशी एकच वाक्य बोललास. “मामा, मी निशान वर केलं.” आणि तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर निघून गेलास. लोक काय म्हणाले ते तुझ्या कानावर आलंच असणार. नवऱ्यानेच बाद केली, निशाण बघून पोर घाबरली आणि आत वळली. माझ्याकडे माप नव्हतं, आणि माप घेतल्याशिवाय मी बोलत नाही.

आता आहे. नाताळच्या आदल्या दिवशी कल्याण आला आणि दारातच उभा राहिला. त्याच्या पाहुण्याने बांधावरून मोबाईलवर शूटिंग केलं होतं. इतके महिने त्याच्याजवळ होतं, द्यायचा धीर झाला नाही. मी ते घेतलं. त्यात मी फक्त चाकं बघितली, काचेकडे एकदाही बघितलं नाही. पुन्हा पुन्हा थांबवून बघितलं. मारुतीची पुढची चाकं उजवीकडे वळलेली आहेत आणि तुझा हात अजून खाली आहे. निशाण त्यानंतर वर येतं. फक्त चाकांवर मी थांबलो नाही. तिची गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे, भंगारवाल्याला मी हात लावू दिला नाही. ती बाहेर काढली, तशीच तिरपी लावली, कल्याणला लाल फडकं देऊन तुझ्या जागी उभं केलं, आणि मी तिच्या सीटवर बसलो. तिची सीट पुढे ओढलेली आहे, माझे गुडघे लागले. ती तशीच ठेवली. तिथून कल्याण दिसत नाही. पिंजऱ्याचा डावीकडचा पाइप बरोबर आड येतो, मी तो जाड घातला होता. निशाण तिला दिसलंच नाही, अब्राहाम. दिसण्याआधीच ती वळलेली होती. कुणाचं मन राखायला मी मापात फेरफार करत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? ती आपण होऊन वळली. रेघ म्हणजे रेघ, निशाण वर व्हायच्या आत परत यायचं, म्हणून वळली.

कल्याण फडकं हातात घेऊन रडत होता. मी सीटवरून लवकर उठू शकलो नाही. पट्ट्याला अजून तिच्या डोक्याच्या तेलाचा वास आहे.

आता पत्र कशासाठी, ते सांगतो. अण्णांचा ऊस तुटत आला आहे आणि शर्यत होणार आहे. सगळ्यांना तिला एंजेलाचं नाव द्यायचं आहे, ढालीवर फोटो छापायचा आहे. मी म्हणालो, नाव नको, नियम बदला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी बोललो की हल्ली माना खालीच जातात. पोरीचा बाप बोलतोय, बोलू द्या. खाली घातलेल्या मानांशी वाद घालता येत नाही. पुढच्या रविवारी अण्णांच्या ओट्यावर नियमांची बैठक आहे आणि तिथे भांडायला मला माणूस हवा आहे. रेघ राहील, ती मीच मारणार. पण बाहेर गेलेल्याने बाहेर थांबायचं आणि वळणावरच्या माणसाने मागचं बघून त्याला आत घ्यायचं, हे तुझं म्हणणं तूच मांडायला हवं. मी त्यात दहा खोडी काढीन. तू मला उत्तरं दे, पूर्वी द्यायचास तशी. निशाण तुझ्याजवळ आहे, हे मला माहीत आहे. ते घेऊन ये. एंजेला गेल्यापासून रेबेकाने तो पिठाच्या रेघेचा पोळपाट भाकरीला घेतलेला नाही. तू आलास की घेईन म्हणते. तू बाहेर थांबलास, ठीक केलंस, माणूस भ्याला की थांबतो. पण आता मी वळणावर उभा आहे, नीट मागे बघितलं आहे, कुणी येत नाही. रस्ता मोकळा आहे. आत ये, बाळा.

हात दाखवत उभा असलेला
तुझाच,
सायमन मामा