डोळे फर्स्ट क्लास

१८ नोव्हेंबर १९७१
खबर पक्की. सोमवारी आमच्या सेक्शनच्या डोळ्यांची तपासणी. फॅक्टरीच्या दवाखान्यातल्या बाबाराव ड्रेसरने चहाच्या सुट्टीत सांगितलं. लढाईचं वातावरण आहे, एक्झामिनर लोकांची नजर चोख हवी.
मला काय भीती? जबलपूरच्या या फॅक्टरीत तोफगोळ्यांच्या फ्यूजच्या टोप्या गेजने मोजून पास करण्यात निम्मं आयुष्य गेलं. हल्ली गेजवरचे आकडे फिके येतात, ते वेगळं. पेपरवालेही शाई वाचवतात. म्हणून मी ज्युनिअर दिवाकरला आकडे मोठ्याने वाचायला लावतो. त्याचं ट्रेनिंग होतं. त्याला स्वतःला चष्मा आहे. बिचारा. चष्मेवाल्याला एक्झामिनरची खुर्ची कोण देणार?

१९ नोव्हेंबर
हातात इंग्रजी कार्ड देतात आणि त्यावरचा बारीक परिच्छेद वाचायला लावतात. बाबारावने तो उतरवून आणला. पाठ करायचं ठरवलं. यात फसवणूक नाही. डॉक्टरांचा वेळ वाचेल.
कागद लांब धरला की बरं दिसतं. हात थोडे लांब हवे होते. शेवटी बायकोला, हेमलताला, वाचायला लावलं. म्हणाली, काहून, तुम्हाला दिसून नाही राहिलं का? कमानिया गेटजवळ चष्मेवाला आहे, चला नं. मी म्हणालो, उच्चार तपासून राहिलो.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ
कार्ड हातात आलं. एका दमात म्हणून दाखवलं. जहाजाला झालेला उशीर, प्रवाशांच्या ट्रंका, सगळं. डॉक्टर श्यामसुंदर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, श्रीरंगजी, ये हिंदी का कार्ड है. और आपने उल्टा पकड़ा है.
मी प्रसंगावधान राखलं. म्हणालो, हम मराठी हैं, हिंदी पढ़ना नहीं आता. ते म्हणाले, मैं नागपुर में पढ़ा हूँ, सीताबर्डीच्या पाट्या वाचल्यात, अक्षरं तीच की.
मग त्यांचा चेहरा मऊ झाला. खांद्यावर हात ठेवला. पढ़ना ही नहीं आता न? इतने साल रटके काम चलाया? शरमाइए मत.
आंधळा की अनपढ, एवढंच ठरवायचं होतं. मी मान हलवली.
डोळ्यांबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही! जिंकलो.

२५ नोव्हेंबर
फोरमन अंबादास साहेबांनी बोलावलं. दवाखान्याचा रिपोर्ट वाचून त्यांना हसू आवरेना. अरे, माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तू लिहिली होतीस नं? मी म्हणालो, अंदाजाने. मग ते एकदम गंभीर झाले. परवा तू पास केलेला एक ट्रे दिवाकरने अडवला. टोप्या मापात नव्हत्या. तो माल आघाडीवर गेला असता तर? डोळे गेलेत का तुझे?
गेजवाल्यांची नोकरी जायची, म्हणून फिक्या आकड्यांबद्दल बोललो नाही. म्हणालो, डोळे उत्तम, अक्षराचाच प्रॉब्लेम.
हुकूम: प्रौढ शिक्षण वर्ग पास होईपर्यंत पॅकिंगमध्ये. माझ्या खुर्चीवर दिवाकर. तात्पुरता.

६ डिसेंबर
लढाई सुरू. खिडक्यांना काळे कागद. ब्लॅकआउटमध्ये कोणालाच दिसत नाही, बरं वाटतं.
आज वर्गाचा पहिला दिवस. शिकवायला महिला मंडळाच्या बाई येतात हे ठाऊक होतं. आज पाळी हेमलताची. हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबली. मग सगळ्यांदेखत म्हणाली, नये भैया को स्लेट दीजिए.
फळ्यावरचा अ स्वच्छ दिसला. वर्गात पहिला.
घरी मात्र बरंच ऐकलं. हेमलता म्हणाली, माझ्या बाबांनी तुमचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट पाहून मुलगी दिली होती. उद्याच डॉक्टरांना खरं सांगा. मी म्हणालो, लढाई संपू दे.

१७ डिसेंबर
लढाई संपली. इतक्या लवकर संपेल असं वाटलं नव्हतं. हेमलताने आठवण करून दिली. देश आनंदात असताना स्वतःचं रडगाणं कुठे गायचं?

८ जानेवारी १९७२
वर्गाची परीक्षा. प्लॅन सोपा: पहिला नंबर, सोमवारी खुर्ची. फळा धडाधड वाचला. टाळ्या. मग हातात पुस्तिका दिली. बारीक टाइप. ढग आले होते.
नापास. निकालावर बाईंचा शेरा: अक्षरं मोठी असली की हुशार, लहान झाली की अडतात. डोळे तपासून घ्यावेत.
घरचीच माणसं असा शेरा देतात.

१९ जानेवारी
दिवाकर चेरीतालला आमच्या घरी पेढे घेऊन आला. खुर्ची आता त्याचीच. वर म्हणतो, दादा, तुम्ही चष्मा काहून नाही घेतला? तपासणीत नंबर निघाला की एक्झामिनरला दवाखान्यातून फुकट मिळते नं. हा माझा तिथलाच. खुर्ची कुठे जाते?
हे मला माहीत होतंच, असं म्हणालो.
पेढा अर्धाच खाल्ला. खवा जुना असावा.

२३ जानेवारी
कमानिया गेटला हेमलताच्या सोबतीला गेलो. चष्मेवाल्याने उगाच एक भिंग माझ्या नाकावर ठेवलं. समोरचं कॅलेंडर ताजं छापल्यासारखं दिसलं. त्याची शाई चांगली होती.

२४ जानेवारी
हिंमत केली. डॉक्टरांना म्हणालो, साहब, मुझे पढ़ना आता है. त्यांनी मिठी मारली. दो महीने में! मी म्हणालो, नहीं, पहले से आता है. ते नर्सला म्हणाले, कॉन्फिडन्स देखिए इनका. लगेच वेलफेअर ऑफिसरला फोन.

२५ जानेवारी
बाबारावने पक्कं सांगितलं. उद्या झेंडावंदनानंतर नवसाक्षर कामगार म्हणून मी सगळ्या फॅक्टरीसमोर त्या दिवशीचा पेपर वाचणार. पेपर सकाळच्या गाडीने येतो, तेव्हा पाठांतराला वाव नाही. अंबादास साहेब पहिल्या रांगेत. म्हणाले, नीट वाचलंस तर दुसऱ्या खुर्चीचं बघू.
हेमलताने माझ्या कोटाच्या खिशात चष्मेवाल्याकडची एक डबी ठेवली आहे. म्हणाली, घातला तरी साऱ्या जबलपूरला कळेल, नाही घातला तरी कळेल. आता तुमचं तुम्ही पाहा.
उद्या साडेआठला झेंडा. मोकळं मैदान, ऊन चांगलं असेल. आधी हात लांब करून बघतो.