कडक कागदावरचे बाबा

अमरावती, ९ फेब्रुवारी १९५८

तीर्थस्वरूप गोपाळकृष्णकाकांच्या चरणी पुतण्या नारायणचा दंडवत. आपल्या गुडघ्याची सूज आणि काकूंचा राग, दोन्ही उतरली असतील अशी आशा आहे. इकडचं क्षेम विचाराल तर रमा माझ्याशी बोलत नाही. भांडण झालेलं नाही. ती मला मान देते आहे.

बाबांनी जन्मात फोटो काढून घेतला नाही, हे आपण जाणताच. (फोटोनं आयुष्य घटतं म्हणायचे. न काढताही घटलंच.) यंदा श्राद्धाला आईनं फोटोचा हट्ट धरला, तेव्हा नत्थुजी फोटोवाल्यांनी तोड काढली की नाक बाबांचंच आहे, तर मीच त्यांची पगडी घालून बसावं. "मास्तर, तुमी निस्ते बसा," म्हणाले, "म्हाताऱ्याचं मी पाहून घेतो." मग अंधाऱ्या खोलीत त्यांनी मला कडक कागदावर छापलं. त्या कागदावर काळं जास्त काळं होतं आणि पांढरं जास्त पांढरं, त्यामुळे माझे गाल बसले, डोळे खोल गेले. काचेच्या निगेटिव्हवर मिशांवरून पेन्सिल फिरवली; तिथलं काळं छपाईत पांढरं उमटतं, म्हणून मिशा पिकल्या. शेवटी सडक्या अंड्याच्या वासाच्या औषधात बुडवून मला तपकिरी केलं. फोटो माजघरात लागला आणि मला हार चढला.

बाबा आमच्या लग्नाआधीच गेलेले, रमेनं त्यांना पाहिलेलं नाही. आता मी घरात शिरलो की ती पदर डोक्यावर घेऊन उभी राहते. सासऱ्यापुढे बोलायचं कसं? पूर्वी मी किडकी वांगी आणली (आणतोच) की माझा उद्धार शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू यायचा. आता ती कीड निमूट काढून टाकते. काका, घर खायला उठतं हो.

आईचं उलट. ती फोटोपुढे उभी राहून बाबांशी राहिलेली भांडणं पुरी करते, आणि बघते माझ्याकडे. बाबा तिला तिवशाच्या मोटारस्टँडवर विसरून पुढे निघून गेले होते, त्याचा जाब परवा मी दिला. म्हणून नत्थुजींना काळेपणा कमी करायला सांगितलं. त्यांनी नरम कागदावर छापलं, गाल भरून आले, आणि आई म्हणाली, हे तर लग्नाच्या वर्षीचे. तिथपासूनची भांडणं निघाली. मधल्या कागदावर मधली निघाली. (त्यांत आपण नेलेल्या दुभत्या गाईचाही विषय आहे.) रमेचा पदर मात्र तिन्ही कागदांना सारखाच. नत्थुजींनी हात टेकले. "मास्तर, माह्याजवळचे कागद सरले, माईचं काही सरून नाही राहिलं."

असो. आपली प्रकृती जपावी.

आपला आज्ञाधारक,
नारायण

ता. क. आपलंही नाक बाबांचंच आहे. एखाद्या रविवारी इकडे येऊन नत्थुजींपुढे बसाल का? माझा फोटो भिंतीवरून उतरवून आपला लावू. हार ताजा घालू. काकूंना काय सांगायचं ते आपणच बघावं.

ता. क. काकांना रमाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. फोटो कुणाचा ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे, पगडी यांच्या डोक्यावर मीच बसवली होती. मी बोलायची थांबल्यापासून हे रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात पाट घेऊन बसतात आणि आपणहून बोलतात. शाळेतलं सांगतात, लहानपणचं सांगतात. लग्न झाल्यापासून हे असं पहिल्यांदाच. आपण इतक्यात येऊ नये. मला अजून ऐकायचं आहे.