एका ताटातली दोघं

मधुपुकुर,
२५ नोव्हेंबर

मोर्जिना भाबी,

सलाम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माहेरी तब्येत बरी असेल. इकडे भाई जेवतो, बोलत मात्र नाही. तुझी लाल गाय व्यायली. तळ्यावरच्या बायका मला पाहिलं की अजून नाकाला पदर लावतात, "गू-आपा आली." पोरांच्या शीच्या बाटल्या गोळा करते म्हणून नाव तूच ठेवलंस. चांगलं टिकलं.

काम आहे म्हणून लिहितेय. गुरुवारी आमच्या संशोधन केंद्रातले मासूद सर तुझ्याकडे येतील. मुलांच्या पोटातल्या जंतूंचा आमचा दहा वर्षांचा अभ्यास, त्यात तुझी झुमूर ३१७ नंबर आणि माझा तुहिन ३१८. दोघांचे पावसाळ्यातले तिन्ही नमुने तंतोतंत एकच निघालेत. सर म्हणाले, "साहेरा, जुळ्यांचीही पोटं इतकी सारखी नसतात." मी सांगितलं, एका ताटात जेवायची, सर. तूही तेवढंच सांग.

आता तू म्हणशील, कसलं ताट. तुहिनला तू अंगणातसुद्धा येऊ दिलं नाहीस.

सरांकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक. झुमूरची बाटली तू कुंपणावर ठेवायचीस, भर उन्हात. "आत येऊ नकोस, तुझ्या हाताला वास येतो." नमुना तासाभरात बर्फात गेला नाही तर वाया जातो. तुझ्यापायी दोनदा सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. मग आषाढात मी तुझी बाटली नाल्यात ओतली, नव्या बाटलीत तुहिनचं भरलं आणि वर ३१७ ची चिठ्ठी लावली. श्रावणात तेच केलं, भाद्रपदातही तेच.

नमुन्यात वाईट जंतू दिसले की केंद्राची गाडी डॉक्टर घेऊन दारात येते, हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. तुलाही होतं. भाद्रपदातली बाटली गेली तेव्हा झुमूरला जुलाब सुरू होते; तो सहावा दिवस. तू पहिल्यांदा माझ्या दारात आलीस. मी तांदूळ निवडत होते.

"गाडी नाही ना आली गं?"

"नाही. म्हणजे पोट साफ आहे."

"मग दाढा येत असतील," म्हणालीस आणि गेलीस.

बाटलीत कोणाचं होतं ते तेव्हा विसरले होते, असं इथे दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. विसरले नव्हते. तू दारात उभी होतीस, नाकाला पदर नव्हता, मलाच विचारत होतीस. भाबी, मला बरं वाटलं. म्हटलं, उद्या सांगू. अजून एक दिवस झुरू दे हिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी झुमूर गेली. माती देऊन आल्यावर सगळे म्हणत होते, गाडी कशी आली नाही. त्यांच्यात मीही म्हणत होते.

माफी मागत नाही, तू देणार नाहीस. पण दवाखान्यात नेऊ नकोस असं मी म्हटलं नव्हतं, एवढं लक्षात ठेव. तुझी लेक आता कशानेही परत येत नाही. माझ्या लेकाचं पोट या नोकरीवर आहे. एक ताट म्हण, भाबी. दोनच शब्द आहेत.

गुरुवारी अकरा वाजता घरी राहा. या वेळी गाडी नक्की येईल, अगदी तुझ्या दारापर्यंत.

तुझी,
गू-आपा