पूजेआधीचं पाणी

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

उदगीर, ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. दामिनीस, नीलम्मा काकूचे अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोन वाजला की तुझे काका दुकानातून धापा टाकत वर येतात आणि कान लावून बसतात. तपासण्या झाल्या. माझी किडनी त्यांना चालते. महिनाअखेरीस तुमच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन आहे.

पोट कापून घ्यायची मला भीती नाही. पण शेजारची गंगम्मा सांगत होती, नांदेडला ऑपरेशन करून आलेले इथले दोघं वर्षभरातच पुन्हा लातूरला डायलिसिसला जाऊ लागले. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. देण्यासारखी एकच आहे गं माझ्याकडे, ती वाया गेली तर दुसरी कुठून आणू? पेशंटांच्या नोंदी तूच ठेवतेस ना? मग काकूला बरं वाटावं म्हणून गोड लिहू नकोस. खरं काय ते लिही.

तुझ्या लग्नाचा विषय सोडलेला नाही, पुढे ढकलला आहे. या काकूवर आहे तशीच माया असू दे.

तुझी,
नीलम्मा काकू

नांदेड, ता. ९ फेब्रुवारी

ती. स्व. काकूस, दामिनीचा शि. सा. नमस्कार.

गंगम्मा काकू खोटं सांगत नाहीत. आमच्याकडे पेशंट आपल्या पायांनी घरी गेला की ऑपरेशन यशस्वी धरत. गेल्या वर्षापासून, ऑपरेशनला वर्ष झाल्यावर किडनी कशी चालते तेही आम्ही लिहून ठेवतो. सगळ्यांना फोन मीच करते. त्यातून दिसलं ते असं, की नांदेडचे बहुतेक पेशंट ठणठणीत आहेत आणि उदगीर-औसा बाजूचे एकेक करून मागे पडतात. सर्जन तेच, औषधं तीच. रक्ताच्या तपासणीतही काही सापडत नाही.

हे मी आमच्या सर्जन सरांपुढे मांडलं. सर रागावले नाहीत. याचं कारण कळेपर्यंत नवी ऑपरेशनं थांबवा म्हणाले. त्यात काकांचीही तारीख गेली. माझ्यामुळे गेली, काकू. मला फार भीती वाटते आहे. रागवा, पण लिहायचं थांबवू नका.

आपली,
दामिनी

उदगीर, ता. १७ फेब्रुवारी

चि. दामिनीस आशीर्वाद.

आधी लई राग आला. खरं सांग म्हटलं तर तू तारीखच घालवलीस, करायला गेले गणपती अन् झाला मारुती! इकडे काकांना आता चार पायऱ्याही चढवत नाहीत. किती दिवस थांबायचं, तेवढं तरी सांग.

त्यात त्यांचा हट्ट. लातूरच्या डॉक्टरांनी विचारलं, बीपीची सकाळची गोळी वेळेवर घेता ना? आता लिंगपूजा झाल्याशिवाय हा माणूस पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही, हे मी लग्न झाल्यापासून बघते आहे. अन् पूजेला बसतात दुकानातला माल उतरल्यावर, कधी दहाला, कधी बाराला. डॉक्टरांना मात्र सांगून आले की हाव, रोज वेळेवर घेतो. मी टोकलं तर म्हणाले, देवाचं दवाखान्यात कशाला काढायचं?

तू तरी वेळेवर जेवत जा. राग गेला आहे, माया आहे तेवढीच आहे.

तुझी,
काकू

नांदेड, ता. २ मार्च

ती. स्व. काकूस शि. सा. नमस्कार.

काकू, तुमचं पत्र वाचलं आणि मी सगळे फोन पुन्हा लावले. आजवर मी विचारायची, गोळ्या वेळेवर घेता का? सगळे हाव म्हणायचे. या वेळी विचारलं, पूजा किती वाजता होते? मग तुमच्या बाजूचा एकेक जण मोकळा झाला, काकांसारखाच पूजेआधी थेंबही न घेणारा.

किडनी टिकवणारी गोळी बारा-बारा तासांनी पोटात जावी लागते. रात्रीची वेळेवर जायची, सकाळची पूजेमागे दुपारपर्यंत रखडायची. आम्ही रक्त घेतो ते सकाळच्या गोळीआधी, त्यात रात्री वेळेवर घेतलेल्या गोळीचाच अंश दिसायचा, त्यामुळे तपासणीत काहीच कळत नव्हतं. सगळ्यांचं कारण हेच असेल असं सर म्हणत नाहीत, पण बऱ्याच जणांचं हेच निघालं. यापुढे ऑपरेशनआधी प्रत्येकाला पूजेची वेळ विचारायची असं ठरलं आहे.

काकांची नवी तारीख एकवीस मार्च. सरांचा निरोप आहे की सकाळी पूजा आधी की गोळी, हे काकांनी आधी ठरवावं. मला एकच भीती वाटते, काका नुसतंच हाव म्हणतील.

आपल्या आशीर्वादाची,
दामिनी

उदगीर, ता. २० एप्रिल

चि. दामिनीस, सिद्रामप्पा काकाचे आशीर्वाद.

ऑपरेशननंतर आम्ही दोघं बरे आहोत. काकू झोपली आहे म्हणून मी लिहितो आहे. तुझं पत्र मी वाचलं होतं. बरोबर ओळखलंस. सरांना हाव म्हणालो, अन् मनात होतं की घरी गेल्यावर बघू.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी पूजा मांडून बसलो. गोळीची वेळ झाली. नीलम्मा टाक्यांवर हात धरून समोर बसून राहिली. तिचे ओठ सुकले होते. पाणी का पीत नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुमच्या पूजेआधी मी कधी प्याले? पोरी, इतकी वर्षं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एक तहानलेली समोर बसली होती, अन् तिचीच एक किडनी माझ्या पोटात. दोघींना ताटकळत ठेवून कोणता देव पावणार?

उठलो. दोन पेले भरले. एक तिला दिला, एकाबरोबर गोळी घेतली. मग पूजा केली.

आता फोन करशील तेव्हा मला पूजेची वेळ विचारू नकोस. काकू पाणी प्याली का, ते विचार. हाव म्हणीन, अन् या वेळी खरं म्हणीन.

तुझा,
सिद्रामप्पा काका