खिडकीवरचं घोंगडं

नाते, ता. महाड
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय मैना, अंकिता, आणि हे पत्र मोठ्यानं वाचलं जाईल तेव्हा माजघरात कान देऊन बसणाऱ्या साऱ्याजणी,

आपल्या घरात बाई पोटुशी राहिली की आधी तिचं ऊन काढून घेतात. सासूचं घेतलं, सुनेचंही घेतलं. एकीनंही तोंड उघडलं नाही.

इकडे सारं ठीक. वाल बरे आलेत. गुडघा कुरकुरतो, पण सभेत उभी राहिले की गप्प बसतो.

मैना, फोनवर म्हणालीस, "वन्स, तुमची भाषणं चवदार हायत, पन त्यांनी पोर निजत नाय!" मी हसले. मग हळूच सांगितलंस, तुझी नात सेजल दीड वर्षाची झाली तरी रात्रभर दचकून उठते, खिडकीकडे बघून रडते, आणि अमावास्येला भगत तिच्या पोटावर डाग देणार. मी "नको" म्हटल्यावर फोन ठेवलास. म्हणून हे लिहितेय.

महाडला मुलांच्या डॉक्टरीणबाईंना भेटले. पहिलाच प्रश्न, "गरोदरपणी आई उन्हात जायची का?" काय सांगू? तुझ्या सुनेला, अंकिताला, वाळवण घालायलाही बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीबाहेर सोडलं नव्हतंत. आईला ड जीवनसत्त्व कमी पडलं तर बाळही जन्मतः ते कमीच घेऊन येतं, आणि अशी काही मुलं पुढे कमी झोपतात असं अभ्यासात दिसलंय, म्हणाल्या. "पण हिचं कारण तेच, असं न बघता सांगणार नाही. तपासू. लागले तर थेंब देऊ."

थेंब, मैना! तापलेला विळा नाही.

तू म्हणशील, खिडकीत 'ती' येते. घरात सगळे 'ती'च म्हणतात. मीही आत्तापर्यंत नाव टाळलं. तिचं नाव आवडी. माझी धाकटी बहीण. तीही निजत नव्हती. भगतानं तिच्या पोटावर विळा टेकवला तेव्हा मी दाराशी होते. डाग चिघळला, ताप चढला, आवडी गेली. आई म्हणाली, "आता ही दुसऱ्यांची पोरं जागवील," आणि खिडकीवर घोंगडं टांगलं. तेव्हापासून आपल्या पोटुशा आणि बाळंतिणी त्याच काळोखात. पोर उठलं की आपण घोंगडं आणखी घट्ट करतो.

मैना, ती माझ्याकडेही येते. कुठं बाळाच्या झोळीची दोरी करकरली की समोर असते. कुणाला जागवत नाही. दोन्ही हातांनी पोट झाकून उभी राहते.

सोमवारी सकाळच्या एसटीनं अंकिता आणि सेजलला घेऊन महाडला उतर. मी स्टँडवर उभी असेन. निघताना खिडकीवरचं घोंगडं काढ आणि सोबत आण. गाडीत पोरीला गारठा लागेल.

आवडीची बहीण,
आनंदी